तृषाशांती आणि प्रामाण्य

एखादे ज्ञान यथार्थ आहे हे त्या ज्ञानाबरोबरच कळते, की त्याच्या यथार्थतेची साक्ष बाहेरून आणावी लागते, हा भारतीय दर्शनांतील एक प्राचीन आणि कसदार वाद आहे. मीमांसकांनी पहिला पक्ष घेतला. ज्ञान उत्पन्न झाले की ते प्रमाण मानावे, आणि बाधक असे काही पुढे आले तरच त्याचा त्याग करावा, असे त्यांचे म्हणणे. नैयायिकांनी दुसरा पक्ष घेतला, आणि त्याच्या समर्थनार्थ त्यांनी पिढ्यानुपिढ्या जे उदाहरण चालविले ते पाण्याचे आहे. उन्हातून चालणाऱ्या तृषार्ताला दूरवर पाणी दिसते. ते पाणी की मृगजळ, हे दिसण्यावरून ठरत नाही. तो तेथवर जातो, ओंजळ भरून पितो, त्याची तहान भागते, आणि त्या सफल प्रवृत्तीवरून आधीचे ज्ञान खरे होते असा निर्णय होतो. तृषाशांती ही पाण्याच्या ज्ञानाची कसोटी ठरते आणि तेथे शंका संपते.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या माणसापुढे मात्र शंका तेथेच सुरू होते. नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा असला तरी पूर्वेकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूस ग्रॅनाइटसारखे पुरातन खडक आहेत, आणि अशा खडकांतून झिरपणारे पाणी फ्लोराइड बरोबर घेऊन येते. जिल्ह्यातील काही गावांच्या विंधनविहिरींत ते मर्यादेहून अधिक आढळले आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासणीत नांदेड आणि लातूरशेजारच्या बीड जिल्ह्यातील भूजलात नायट्रेटचे प्रमाणही पुष्कळ ठिकाणी वाढलेले दिसले. शेतात टाकलेले नत्रखत आणि गावातील सांडपाणी ही त्याची मुख्य कारणे. असे पाणी स्वच्छ असते, थंड असते, पुष्कळदा चवीलाही गोड असते, आणि ते तहान निःसंशय भागवते. परंतु त्याच पाण्याने काही वर्षांनी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, प्रौढांची हाडे आणि सांधे आखडतात, आणि नायट्रेट फार असेल तर त्या पाण्यात कालवलेले दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून बाळ निळे पडू शकते. येथे प्रवृत्ती सफल झाली, तृषा शांत झाली, आणि तरीही ज्ञान अपुरेच राहिले. नैयायिकांची कसोटी पाणी आणि मृगजळ यांतील भेद दाखवू शकते. पाणी आणि हितकर पाणी यांतील भेद दाखविण्यास ती असमर्थ आहे, कारण तो भेद ज्या फलावरून कळावयाचा ते फल दहा वर्षांनी, आणि कदाचित दुसऱ्याच्या देहात, प्रकट होते.

मग प्रत्यक्षाचा आधार घ्यावा काय? नांदेड आणि लातूर शहरांच्या नव्या वस्त्यांतून जलशुद्धीकरण यंत्र विकणारा जो प्रयोग दारोदार करून दाखवितो, तो याच श्रद्धेवर उभा आहे. दोन पेल्यांत दोन प्रकारचे पाणी घेऊन तो त्यांत विजेला जोडलेल्या धातूच्या कांड्या बुडवितो. नळाचे किंवा बोअरचे पाणी बघता बघता पिवळे, तपकिरी, क्वचित काळपट होते, यंत्रातले पाणी निर्मळ राहते, आणि घरातील वडीलधारी माणसे हबकतात. वास्तविक तो गाळ पाण्यातला नसतोच. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, विजेने कांडीतील लोखंड झिजते, आणि झिजलेल्या लोखंडाचा गंज पाण्यात उतरतो. ज्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत त्यातून वीज वाहत नाही, म्हणून ते तसेच राहते. त्या निर्मळ पाण्यात मूठभर साधे मीठ टाकले तर तेही पिवळे-तपकिरी होईल. टीडीएस मोजण्याच्या खिशातल्या यंत्राचेही असेच आहे. विद्युत्‌वहनावरून विद्राव्य क्षारांची एकूण बेरीज ते सांगते. त्या बेरजेत निरुपद्रवी कॅल्शियम किती आणि नायट्रेट किती हे त्याला सांगता येत नाही, आणि कावीळ किंवा कॉलरा पसरविणाऱ्या जंतूंविषयी तर ते सर्वथा मुके आहे. डोळ्यांना दिसले म्हणून प्रमाण, हा चार्वाकांचा मार्ग पाण्याच्या बाबतीत फसवणुकीकडे नेतो.

प्रत्यक्ष संपले आणि सफल प्रवृत्तीही पुरी पडली नाही, की उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे सांगणे. या प्रमाणाविषयी आधुनिक सुशिक्षित मनात एक प्रकारची अढी असते. शब्द म्हणजे पोथी, पोथी म्हणजे अंधश्रद्धा, असे समीकरण आपण नकळत करून बसलो आहोत. ही अढी न्यायदर्शनावर अन्याय करणारी आहे. गौतमाच्या सूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायनाने आप्ताचे जे लक्षण सांगितले त्याचा आशय असा की, ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती इतरांस सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही त्याने आवर्जून नोंदविले. जन्म, वर्ण, पदवी यांना त्या व्याख्येत स्थान नाही. ज्ञान आणि यथार्थ सांगण्याची इच्छा, ही दोनच अंगे. माझ्या मते प्रयोगशाळेच्या अहवालाकडे आणि यंत्रावरील मानकचिन्हाकडे पाहण्याची याहून चांगली दृष्टी आजही उपलब्ध नाही.

पहिले अंग ज्ञानाचे. जलशुद्धीकरण यंत्राची खरी परीक्षा आपल्या नळाच्या पाण्यावर होत नसते. प्रयोगशाळा मुद्दाम दूषित पाणी तयार करते, त्यात जंतू किंवा विषारी द्रव्य किती हे आधी मोजते, ते पाणी यंत्रातून सोडते आणि बाहेर आलेल्या पाण्यात पुन्हा मोजते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ साली सूक्ष्मजीव निवारणाच्या परीक्षेची जी पद्धती घालून दिली, तिच्यात दहा लाख जिवाणूंमागे फार तर एक, दहा हजार विषाणूंमागे एक आणि हजार परजीवी पुटींमागे एक उरावा अशी अट आहे. विक्रेत्याच्या पत्रकात नुसते ‘नव्व्याण्णव टक्के’ असे लिहिलेले असते तेव्हा दहा लाखांतले दहा हजार जिवाणू पेल्यात शिल्लक राहिले, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. आणि ही परीक्षा नव्या कोऱ्या यंत्रावर एकदा करून भागत नाही. कोळशाच्या गाळणीची क्षमता वापरागणिक संपत जाते. म्हणून १९४४ साली मिशिगन विद्यापीठात स्थापन झालेल्या एनएसएफ या संस्थेच्या मानकांत, गाळणी संपल्याची सूचना देणारी सोय यंत्रात नसेल तर सांगितलेल्या क्षमतेच्या दुप्पट पाणी जाईपर्यंत परीक्षा चालविण्याचा दंडक आहे.

परंतु जाणणारा नेमके काय जाणतो, हेही विचारले पाहिजे. त्याच संस्थेचे मानक क्रमांक ४२ चव, वास आणि क्लोरीन यांच्यापुरते आहे, मानक ५३ आरोग्यास अपायकारक अशा द्रव्यांसाठी आहे, आणि ५८ हे ज्याला आपण सर्रास ‘आरो’ म्हणतो त्या उलट-परासरणाच्या यंत्रांसाठी. पहिल्या मानकात उत्तीर्ण झालेले यंत्र ‘प्रमाणित’ या बिरुदाखाली विकले गेले तर ते विधान खोटे नसते, मात्र शिशाविषयी किंवा जंतूंविषयी त्याने काहीच सांगितलेले नसते. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचे आयएस १४७२४ अतिनील किरणांच्या यंत्रांना आणि आयएस १६२४० आरोच्या यंत्रांना लागू आहे. अतिनील किरण जंतूंना निष्प्रभ करतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट त्यांच्यापुढून जसेच्या तसे निघून जातात. पाणी उकळल्याने जंतू मरतात आणि नायट्रेट मात्र, पाणी आटते त्या मानाने, वाढते. कित्येक माऊल्या बाळासाठी पाणी मुद्दाम जास्त वेळ उकळतात, त्यांना ही गोष्ट कोणीतरी सांगितली पाहिजे. प्रत्येक शब्दाला त्याचा विषय असतो, आणि विषयाबाहेर नेलेला आप्तशब्द प्रमाण राहत नाही. जुन्या दफ्तरांतील सनदेत गावाची शीव आणि मुदत स्पष्ट लिहिलेली असे. प्रयोगशाळेच्या अहवालातही, हा निष्कर्ष केवळ आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरता आहे, असा मजकूर असतो, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत कमी वाचला जातो.

दुसरे अंग यथार्थ सांगण्याच्या इच्छेचे, आणि ते अधिक नाजूक आहे. परीक्षेचा खर्च ज्याच्या मालाची परीक्षा व्हावयाची तोच देतो. मग परीक्षकाची इच्छा निर्मळ राहील कशी? यावर उपाय म्हणून एकावर एक साक्षीदार उभे केले गेले. कारखान्याने स्वतः निवडून पाठविलेल्या एका नमुन्याचा अहवाल हा दाखला झाला. परवाना देऊन पुढेही कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलून त्यांची रुजवात घेणे हे प्रमाणीकरण झाले. प्रयोगशाळेच्याही योग्यतेची खातरजमा एनएबीएल ही मान्यता देणारी संस्था करते. साक्षीदारांची ही साखळी कोठेतरी थांबावीच लागते. नैयायिकांवरही हाच अनवस्थेचा आक्षेप घेतला गेला, आणि त्यांचे उत्तर असे की शंका तेथवरच घ्यावी जेथे ती व्यवहाराला विरोधी होत नाही. मला हे उत्तर पटते. सर्वांवर अविश्वास ठेवणे ही विवेकाची परिसीमा नव्हे. तशा माणसाला तहानेनेच मरावे लागेल.

लातूरकरांनी हे स्वतः अनुभवले आहे. मांजरा धरण कोरडे पडल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ रेल्वेगाडी लातुरात पोचली. त्या मोहिमेसाठी रेल्वेच्या टाकीवाघिणी राजस्थानातील कोट्याच्या कार्यशाळेत वाफेने धुऊन घेण्यात आल्या होत्या. त्या धुतल्या गेल्या की नाही हे पाहावयास लातूरचा कोणीही नागरिक गेला नव्हता आणि जाऊ शकत नव्हता. एका अपरिचित कामगाराच्या सचोटीवर विसंबून लाखो लोक पाणी प्याले. समाज उभा राहतो तो अशा शब्दावर.

येथे धर्माचा प्रश्न उपस्थित होतो, आणि नांदेडमध्ये तो टाळता येत नाही. गुरू गोविंदसिंगांच्या देहावसानाने १७०८ साली पावन झालेल्या सचखंड श्री हुजूर साहिबाच्या सेवेसाठी गोदावरीचे पाणी घागरीत भरून नेण्याची परंपरा आजही निष्ठेने चालते, आणि त्याच गोदेच्या घाटांवर हिंदू भाविक स्नान करून तीर्थ घेतात. जी जीवनदायिनी माता आहे तिच्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेणे हा श्रद्धेचा अधिक्षेप नव्हे काय, असे एखाद्या सश्रद्ध मनाला वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या भावनेची अवहेलना करणे मला मान्य नाही. परंतु पावित्र्य हा माणसाचा नदीशी असलेला संबंध आहे आणि पेयता हा पाण्यातील द्रव्यांचा गुण आहे; पहिल्याने दुसऱ्याची ग्वाही दिली की अनर्थ होतो. त्याचे सर्वांत दारुण उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि नंतर सनातन्यांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांच्या घागरी ओतून, मंत्रोच्चार करून ते तळे ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर केले. पाण्यात काय आहे हे कोणी पाहिले नव्हते. माणसाच्या स्पर्शाला अशुद्ध म्हणणारा तो शब्द आप्ताचा नव्हता, कारण त्यामागे ज्ञानही नव्हते आणि यथार्थाची इच्छाही नव्हती.

परंपरेच्या वाट्याला केवळ हेच आलेले नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाणी वस्त्राने गाळून प्यावे हा दंडक स्मृतिकारांनी सांगितला, जैनांनी तो अहिंसेच्या भावनेने काटेकोर पाळला. बांगलादेशातील मतलब भागात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. कॉलऱ्याचे जंतू ज्या सूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतात ते घड्यांत अडकतात, आणि कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले असा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेने परंपरेचा मान वाढला.

आता राहिला तो या सर्वांचा भार कोणी वाहावयाचा हा प्रश्न. ज्याला परवडते तो आरो बसवितो, आणि त्या यंत्रातून शुद्ध पाण्याहून अधिक पाणी पुष्कळदा मोरीत वाहून जाते. जेथे रेल्वेने पाणी आणावे लागले तेथे ही नासाडी नैतिक दृष्ट्याही बोचणारी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली, लिटरमागे विद्राव्य क्षार ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तेथे आरोच्या वापरास मनाई करण्याचा आदेश दिला, तो याच विचाराने. ज्याला यंत्र परवडत नाही तो वीस लिटरचा थंड जार विकत घेतो, आणि त्या उघड्या जारावर ना मानकचिन्ह असते, ना तपासणीची तारीख. खेड्यातील माणसाचा आप्त म्हणजे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. तो टीसीएल पावडर टाकतो, क्लोरीन उतरले की नाही हे पाहतो, आणि त्याच्या कामावर, पाण्याच्या स्रोताभोवतीच्या स्वच्छतेवर गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. या माणसाला नियमित मानधन आणि पुरेसे साहित्य देणे हे माझ्या मते कोणत्याही नव्या यंत्राच्या खरेदीहून अधिक निकडीचे काम आहे.

वाचकांना विनंती एवढीच, की यंत्र घेण्याआधी आपल्या बोअरचा किंवा नळाचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा, आणि अहवालात लिटरमागे नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का, फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत, निदान दीडच्या खाली तरी आहे का, १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जंतू आढळले का, हे स्वतः वाचावे. त्यानंतर यंत्रावरील मानकचिन्हाखालचा परवाना क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पडताळावा, आणि विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: माझ्या पाण्यात जे आहे, ते काढण्याची परीक्षा या यंत्राने दिली आहे काय?