घरट्यावरची आई

शास्त्रपाठ : अनुवाद 22:6-7, मत्तय 6:26-30



फाल्गुन-चैत्रात आमच्या हुबळी-धारवाडचे रूप पालटते. निष्पर्ण पळस केशरी फुलांनी भरून जातो, सावरीच्या फुलांवर मैना व बुलबुल गर्दी करतात, तांबटाची टुक्‌टुक् दुपारभर चालू असते. हे वैभव पाहायला दांडेलीच्या रानात जावे लागत नाही. परसातल्या कढीलिंबावरदेखील फुलपाखराची अळी सापडते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते व वाढल्यावर पानासारखी हिरवी होते. हल्ली घरोघरी मोबाईल असल्यामुळे शब्बाथ शाळेची मुलेही अशी छायाचित्रे काढून आणतात. ह्याचा आम्हांला आनंद वाटतो. रानफुलांकडे लक्ष द्या असे प्रभूने सांगितले, तेथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'नीट न्याहाळून शिका' असा आहे. एका पाकळीसमोर दहा मिनिटे गुडघे टेकून बसणारे मूल ही आज्ञाच पाळत असते.

परंतु हेच दिवस घरट्यांचेही असतात. शिंजीर हा पक्षी दहा ग्रॅमहूनही हलका. त्याची मादी कोळ्याची जाळी, वाळकी पाने व सालीचे तुकडे जोडून लोंबती पिशवी विणते, पुष्कळदा अगदी घराजवळच्या फांदीवर. छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून कोणी आड येणारी चार पाने तोडली, तर पिलांवर ऊन येते आणि कावळ्याला वाट सापडते. म्हणूनच निसर्ग-छायाचित्रांच्या अनेक स्पर्धांत घरट्यांची चित्रे घेत नाहीत.

मोशेच्या नियमशास्त्रात ह्याविषयी एक लहानसा नियम आहे. वाटेत घरटे आढळले तर पिले घेण्याची मोकळीक होती, पण अंड्यांवर वा पिलांवर बसलेल्या आईला धरण्याची मनाई होती. का बरे? एरवी पाखरू हाती लागत नाही. आई मात्र पिलांच्या मायेने जागची हलत नाही, म्हणून सापडते. तिच्या मायेचाच फास करून तिला पकडावे, हे देवाला मान्य नाही. आणि आईबापांचा मान राखणाऱ्यास कल्याणाचे व दीर्घायुष्याचे जे अभिवचन आहे, तेच ह्या इवल्याशा नियमालाही जोडले आहे!

शिक्षकहो, मुलांना पाहायला जरूर शिकवा. पण फांदी वाकवू नये, घरट्यावर झोत टाकू नये, चोचीत घास घेऊन आई दूर खोळंबली असेल तर आपण मागे सरावे, हेही शिकवा. घरीदारी, मंडळीतही, मायेपोटी आपल्याला सोडून न जाणारी माणसे असतात. त्यांच्या त्या मायेचा आपण गैरफायदा घेतो काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

हे देवबापा, आम्हांला न्याहाळणारे डोळे दे आणि वेळीच मागे सरणारे पाऊलही दे. आमेन.