तो वेडा होता, एवढे म्हणून भागेल काय?

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. २०२३ साली त्या सोमवारी, सकाळच्या मिस्साहून घरी परतलेल्या आम्हा वसईकरांच्या कानी एक बातमी पडली आणि हातातला चहा हातातच राहिला. जयपूरहून मुंबई सेंट्रलकडे येणाऱ्या सुपरफास्ट गाडीत, पालघर मागे पडल्यावर, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने सरकारी बंदुकीतून गोळ्या झाडून आपल्या वरिष्ठाला, म्हणजे सहायक उपनिरीक्षकाला, ठार केले. आणि मग डब्याडब्यांतून फिरत तीन प्रवाशांचे प्राण घेतले, असा त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला. तिघेही प्रवासी मुसलमान होते. त्यांपैकी एक आपल्या नालासोपाऱ्याचे रहिवासी होते. आणि ती गाडी नालासोपाऱ्याला न थांबता, वसई रोड ओलांडून, मीरा रोडच्या दिशेने निघून गेली. मीरा रोडजवळ साखळी ओढली गेली, गाडी थांबली, आणि रुळांवरून चालत निघालेल्या त्या जवानाला पकडण्यात आले.

मृतांची आणि आरोपीची नावे त्या वेळी सर्व वर्तमानपत्रांत आली होती. ती येथे पुन्हा लिहिण्याचे आम्हास प्रयोजन दिसत नाही. त्या दिवशी आपल्या ओट्यांवर, बाजारात आणि लोकलच्या डब्यांत जे बोलले गेले, त्याचा विचार आम्हास करावयाचा आहे. जो तो एकच वाक्य बोलत होता : "डोके फिरले असणार. अशा माणसाला वेळीच ठाण्याला न्यायला हवे होते." रेल्वेच्या बाजूनेही प्रथम त्याच्या तापट स्वभावाकडे आणि मनःस्थितीकडे बोट दाखवण्यात आले. पुढे न्यायालयातही त्याच्या वतीने मानसिक आजाराचाच मुद्दा मांडला गेला.

त्या वाक्यात सत्य नसेलच असे आम्ही म्हणत नाही. तो जवान खरोखर आजारी असू शकेल. पण ते वाक्य उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी सुटकेची छटा उमटते, तिची आम्हास धास्ती वाटते. वेड्याने केले, म्हणजे आता कोणाला काही विचारावयाचे उरले नाही; फाईल बंद झाली. खरोखरच ती बंद होते काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचा नाही. आपल्या पुष्कळ कुटुंबांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. तेथे २०१२ साली न्यूटाऊन येथील शाळेत २० बालके आणि ६ मोठी माणसे गोळ्यांना बळी पडली; २०२२ साली युवाल्डीच्या शाळेत १९ बालके आणि २ शिक्षिका. २७ ऑगस्ट २०२५ रोजी तर मिनियापोलिस शहरात, शाळकरी मुलांसाठी मिस्सा चालू असताना, कॅथलिक चर्चच्या खिडक्यांतून गोळ्या आल्या आणि दोन लेकरे प्राणास मुकली. अशा प्रत्येक घटनेनंतर तेथे तोच वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो, बंदुका सहज मिळतात म्हणून हे घडते. त्यांवर निर्बंध घाला. दुसरा म्हणतो, बंदूक आपण होऊन कोणाला मारीत नाही. मारतो तो माथेफिरू, त्याचा बंदोबस्त करा. वाद विझतो, आणि पुढच्या शवपेटिकांपर्यंत सारे शांत होते.

आपल्याकडे हा वाद पेटत नाही, कारण आपला कायदा कडक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही, विकृतचित्त इसमाला परवाना नाकारणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य नागरिकास दोनांहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. या कायद्याचे मोल आम्ही जाणतो. पण त्या पहाटे गाडीत जे शस्त्र चालले, ते कोणी चोरून आणलेले नव्हते. ते सरकारने प्रवाशांच्या रक्षणासाठी दिलेले होते. त्याच्या सहकाऱ्याचा जो जबाब प्रसिद्ध झाला, त्यात असे आहे की, आपल्याला बरे वाटत नाही, वलसाडला उतरू द्या, असे तो जवान म्हणत होता. आणि थोडीच ड्यूटी उरली आहे, ती पुरी कर, असे त्याला सांगण्यात आले. ज्यांनी त्याला समजावले, त्यांतील वरिष्ठच प्रथम बळी गेले. त्यांना दोष देणे आमच्या मनातही नाही. परंतु "आज माझ्याने होत नाही" असे म्हणणाऱ्या माणसाच्या खांद्यावरची बंदूक निमूटपणे उतरवून घेण्याची, आणि त्याबद्दल त्याला कमीपणा न आणण्याची, रीत आपल्या किती खात्यांत आहे? तो वेडा होता असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. उलट तो अधिक टोकदार होतो. कारण मग त्या हाती बंदूक राहिलीच कशी, हे विचारावे लागते.

येथे आम्हास त्या दिवशीच्या संताची आठवण होते. इग्नेशियस हे मूळचे शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या संतचरित्रे वाचून त्यांचे मन पालटले. पुढच्या वर्षी खेचरावर बसून ते माँतसेरातच्या तीर्थाकडे निघाले असता वाटेत एक मूर, म्हणजे स्पेनमधील मुसलमान, त्यांना भेटला. बोलता बोलता पवित्र मरियेच्या अक्षत कौमार्यावर गोष्ट आली. मुराला ते पूर्णपणे पटेना. आणि तो पुढे निघून गेला. मागे राहिलेल्या इग्नेशियसच्या मनात आग पेटली. आपल्या स्वामिनीचा अवमान आपण ऐकून घेतला, आता त्या माणसाला गाठून खंजीर खुपसावा काय? त्यांचा निर्णय होईना. शेवटी त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला : ते मुराच्या गावाकडे वळले तर त्याला भोसकायचे, राजरस्त्याने गेले तर सोडून द्यायचे. खेचर राजरस्त्याने गेले. ही हकिकत पुढे संतांनी स्वतःच्या तोंडाने, काहीही न लपवता, आपल्या आत्मवृत्तात सांगून ठेवली आहे.

या प्रसंगी इग्नेशियस वेडे होते काय? मुळीच नाही. ते शुद्धीवर होते, श्रद्धावान होते, तीर्थयात्रेला निघाले होते. धर्माभिमान दुखावला होता आणि कमरेला खंजीर होता; खुनाला एवढी सामग्री पुरेशी होती. माँतसेरातला पोहोचल्यावर त्यांनी आपली तलवार आणि खंजीर पवित्र मरियेच्या वेदीपाशी टांगून ठेवली आणि रात्रभर जागरण केले. यानंतरची गोष्ट अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. तेथून ते मान्रेसाला गेले, आणि तेथे त्यांच्या मनाला खरोखरच आजाराने ग्रासले. केलेल्या पापांची पुनःपुन्हा कबुली देऊनही शांती मिळेना. खोलीतल्या एका भोकातून स्वतःला खाली झोकून द्यावे, असा मोह त्यांना वारंवार होई. शहाणपणाच्या दिवसांत ज्याने परक्याचा जीव घ्यावयाचे मनात आणले, त्याला मनोव्यथेच्या दिवसांत स्वतःचाच जीव नकोसा झाला. त्या दिवसांत हाताशी तलवार नव्हती, आणि दोमिनिकन मठवासीयांचा आसरा होता.

संत मार्कच्या शुभवर्तमानात कबरींमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा जो पछाडलेला माणूस आहे, तो मार्कने सांगितल्याप्रमाणे दगडांनी कोणाला ठेचीत असे? स्वतःलाच. प्रभूने त्याला त्याचे नाव विचारले. तो शुद्धीवर येऊन, वस्त्रे लेवून बसलेला दिसला, तेव्हा गावकऱ्यांना आनंद व्हावयाचा, तर ते भ्याले. आजही तज्ज्ञ हेच सांगतात की, जगातल्या एकूण हिंसेत मनोरुग्णांचा वाटा फार थोडा असतो. त्यांच्या हातून इतरांना होणाऱ्या इजेपेक्षा इतरांकडून त्यांनाच होणारा छळ अधिक. प्रत्येक हत्याकांडावर वेडाचा शिक्का मारताना आपण या निरपराध जनांवर नकळत खोटी साक्ष देत असतो.

आमच्या धर्मग्रामातील एका माउलीची हकिकत सांगतो. तिचा तरुण मुलगा गेली काही वर्षे मानसिक आजाराच्या गोळ्या घेतो. त्याने आजवर मुंगीलाही दुखवलेले नाही. रविवारच्या मिस्साला ती त्याला घेऊन मागच्या बाकावर बसत असे. त्या ऑगस्टमध्ये ती एकटीच येऊ लागली. विचारले, तेव्हा म्हणाली, "लोक त्याच्याकडे वळून वळून बघतात. शेजारचे बाक रिकामे राहते. मग कशाला आणू त्याला?" या प्रश्नावर आम्हास उत्तर देता आले नाही.

आता कोणी विचारील : म्हणजे आजाराला काही अर्थच नाही काय? आहे. ख्रिस्तसभा शिकवते की, पाप प्राणघातक ठरण्यासाठी गंभीर कृत्य, पूर्ण जाणीव आणि हेतुपूर्वक संमती या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. मनाच्या व्याधीने जाणीव वा संमती क्षीण झाली, तर दोषही क्षीण होतो. भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमानेही, कृत्य करतेवेळी मनोविकृतीमुळे आपण काय करतो हे किंवा ते गैर आहे हे ज्याला कळूच शकत नव्हते, त्याला गुन्ह्यातून मुक्त केले होते. आजच्या भारतीय न्यायसंहितेतही ते तत्त्व कायम आहे. मात्र नुसते आजाराचे नाव तेथे पुरत नाही. त्या घटकेला समज होती की नव्हती, हे पाहिले जाते. त्या जवानाच्या बाबतीत ते पाहणे न्यायालयाचे काम आहे, आणि अंतःकरण पाहणे देवाचे. पण आजाराने दोष कमी झालाच, तर तो त्या एका माणसाचा होईल. बाकीच्यांचा कसा होईल?

कारण त्या गाडीत गोळ्या सरसकट सुटल्या नव्हत्या. वरिष्ठानंतर जे तिघे मारले गेले, ते एका डब्यातले नव्हते, आणि ते एकाच धर्माचे होते. शेवटच्या मृतदेहाजवळ उभे राहून तो जवान जे बोलला, त्याचे चित्रीकरण देशभर फिरले, आणि धर्माधर्मांत वैर पसरवल्याचे कलमही पोलिसांनी त्याच्यावर लावले. माणसाचे मन आजाराने पोखरले जाऊ शकते. पण कोणाचा द्वेष करावा, कोणत्या दाढीकडे पाहून बंदूक रोखावी, हे आजार शिकवीत नाही. ते शब्द आणि ती चित्रे भोवतालातून येतात. ती आपल्याही भ्रमणध्वनीवर येतात. आणि खरे सांगावयाचे तर आपल्या कॅथलिक घरांतूनही पुढे पाठवली जातात. ज्यांची स्वतःची संख्या या देशात मूठभर, त्यांनी दुसऱ्या मूठभरांविषयीचे विष गंमत म्हणून वाटावे, याहून मोठा अविचार कोणता?

योग्य नाव दिल्याने काय साधते, हे वसईने पूर्वी पाहिले आहे. १९८९ साली नालासोपारा स्थानकाच्या फलाटावर एका बांधकाम व्यावसायिकाचा गोळ्या झाडून खून झाला. त्याला कोणी वेड म्हटले नाही. जमिनीच्या लोभातून उपजलेली ती दहशत आहे, हे लोकांनी ओळखले. आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समितीचे कार्यकर्ते त्या दहशतीविरुद्ध उघडपणे बोलू लागले. वेड म्हटले असते, तर कोणाविरुद्ध बोलणार होते?

शस्त्रांवर निर्बंध घातल्याने माणूस साधू होतो, असे आमचे म्हणणे नाही. द्वेष कायद्याने जात नाही आणि आजार कायद्याने बरा होत नाही. पण कायदा, खात्याची शिस्त आणि शेजाऱ्याची नजर यांचे काम त्या खेचरासारखे आहे. संताप आणि कृत्य यांच्यामध्ये ती थोडा रस्ता, थोडा वेळ घालतात. तेवढ्या अवधीत एक मूर वाचला आणि ख्रिस्तसभेला एक संत लाभला. तरीही इग्नेशियस खेचरावर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी शस्त्रच उतरवले.

मिस्साच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबरच, जे करावयास हवे होते ते न केल्याचीही कबुली देतो. पुढच्या ३१ जुलैला त्या चार मृतांसाठी आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करू या. त्या जवानासाठीही करू या. आणि मागच्या बाकावरची ती माउली आपल्या मुलाला घेऊन पुन्हा आलीच, तर जागेवरून उठून तिच्या शेजारी जाऊन बसू या.