अठरा पूर्ण झाल्यावर

आपल्या घरात मुलगा 18 वर्षांचा झाला की फार तर दुचाकीचा हट्ट सुरू होतो. बालगृहातल्या मुलाला त्याच सुमारास पेटी भरावी लागते. कायदा निष्ठुर नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याने 21 वर्षांपर्यंत, आणि नियमांनी अपवाद म्हणून 23 पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय ठेवली आहे. 2018 मध्ये महाराष्ट्राने अनाथांना शिक्षणात, सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षणही दिलं.

पण खोली बघायला गेलं की घरमालक विचारतो, “वडील काय करतात?” रात्री ताप चढला तर फोन कुणाला करायचा, हे कुठल्या शासन निर्णयात बसवणार? लहानपणापासून घंटा वाजली की ताटावर बसलेल्या मुलाला महिन्याचा किराणा किती लागतो, हे तरी कसं कळावं? दिवाळीला बालगृहात फराळ घेऊन जाणारे पुष्कळ असतात. (फोटोही निघतात.) बाहेर पडलेल्या पोराला घरी जेवायला बोलावणारे मोजकेच.

तुमच्या दुकानात, गॅरेजात शिकाऊ मुलाची जागा असेल किंवा एखादी खोली भाड्याने द्यायची असेल, तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात एकदा विचारून पाहा. पगार मात्र रीतसर द्या.