परीक्षा नेमकी कशाची?

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील भैंसा, मुधोळ व कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. घरात मराठी आणि शाळेत तेलुगू ही ओढाताण तेव्हापासून आपल्या घराण्यांच्या परिचयाची आहे. तेलुगूत घातलेले गणित मराठी मुलाचे चुकले, की आपण विचारतो : कच्चे काय, गणित की तेलुगू? हा प्रश्न ज्यांना उमगतो, त्यांना महाविद्यालयातील दिव्यांग विद्यार्थ्याची अडचण उमगणे कठीण जाऊ नये.

लिहिताना ज्याची बोटे आखडतात, त्याची इतिहासाची उत्तरपत्रिका अर्धी कोरी राहिली, तर तपासले काय गेले? लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील अशाच एका उमेदवारास २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला. लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही, असे त्या निकालात म्हटले आहे.

‘मग इतरांवर अन्याय होत नाही काय?’ असे सुजाण पालकही विचारतात. हा आक्षेप झिडकारण्याजोगा नाही. जेथे वेग हेच शिकवलेले कौशल्य आहे, तेथे जादा वेळ दिल्याने मापच बदलते. म्हणून अध्यापकाने प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी आपण काय मोजणार आहोत, हे स्वतःशी ठरवावे. जे मोजावयाचे आहे, त्यात तसूभरही सूट नसावी. जे मोजावयाचे नाही, त्याचा अडसर नसावा. दयेपोटी वाढवलेले गुण आम्हांस म्हणूनच अपमानास्पद वाटतात. त्या मुलाकडून आपली काही अपेक्षाच नाही, असे ते गुण सांगत असतात.

आकड्यांवर विसंबण्यातही धोका आहे. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत मात्र वाचादोष ४० टक्क्यांवर गेला, की तोच आकडा दार लावून घेई. महाराष्ट्रातील अशा एका विद्यार्थ्यास तज्ज्ञ मंडळाने अभ्यासक्रमासाठी सक्षम ठरवल्यावर, २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा प्रवेश कायम केला. केवळ टक्केवारीवरून अपात्र न ठरवता विद्यार्थ्याची प्रत्यक्ष क्षमता पाहावी, असे न्यायालयाने बजावले.

परंतु न्यायालय आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नाही. ‘प्रमाणपत्र काढले तर चार लोकांत बोभाटा होईल, बहिणीचे लग्न अडेल’ या भीतीने कित्येक घरांत मुलाचे व्यंग झाकले जाते. जे झाकले, त्यासाठी लेखनिक मागावा कसा? मग मूल नापास होते आणि घरचेच त्याला ‘ढ’ ठरवतात. महाविद्यालयाकडे न्याय मागण्याआधी तो घरात द्यावा लागेल, असे आम्हांस वाटते.