धरण किती भरावं?

ऑगस्ट २०१९. सांगलीत आमच्या घरात कृष्णेचं पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर होतं. तेव्हा जतहून आत्याचा फोन आला, "बरे आहात ना रे?" मागे टँकरपाशी चाललेली भांडणं ऐकू येत होती. जिल्हा एकच!

तेव्हापासून 'समतोल' हा शब्द मला जरा लबाड वाटतो. कोयनेत साधारण १०५ टीएमसी पाणी मावतं. पूर अडवायचा तर ऐन पावसाळ्यात धरणात जागा रिकामी हवी. उन्हाळ्यात म्हैसाळ योजनेतून जतकडे पाणी उपसायचं तर पावसाळा संपताना ते भरलेलं हवं. मग निम्मं भरावं? (आमच्या कट्ट्यावर दरवर्षी कुणीतरी हे सुचवतंच.) पण मध्य गाठून कुणाचंच भागत नाही. जागा ठेवली आणि पाऊस दडला तर आत्या तहानलेली. भरलं आणि कोसळला तर आम्ही पाण्यात. उद्याचा पाऊस नक्की माहीत नसताना कुणाला तरी रोज ठरवावं लागतं, आज धोका कुणाच्या माथी.

जुलैत मी मोबाइलवर धरणाची टक्केवारी बघत बसतो. आकडा चढला की पोटात गोळा येतो. आत्याही तोच आकडा बघते आणि आनंदाने फोन करते.

मी "हो ना, बरं झालं" म्हणतो.