शिखर मोठे की सोबती?

पावसाळा ओसरू लागला की आपल्या धर्मग्रामातील तरुणांना सह्याद्रीचे वेध लागतात. रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात बूट, टॉर्च, दोरी आणि शिदोरी यांच्या गोष्टी सुरू होतात. मग एखादी आई आम्हाला बाजूला घेऊन विचारते, "फादर, एवढी पायपीट करून डोंगरावर मिळते तरी काय?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजवर अनेकदा दिले आहे. आज मात्र वेगळ्याच प्रश्नाविषयी लिहायचे आहे. तो आम्हाला कोणी विचारला नाही, डोंगरानेच आमच्यापुढे ठेवला. चढताना एखादा सोबती मागे पडला, तर पुढच्यांनी काय करावे?

२०१८ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस आम्ही बावीस तरुण-तरुणींना घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. माळशेज घाटाच्या अलीकडे-पलीकडे फिरलेल्यांना हा गड ठाऊक असेल. वर येण्याच्या वाटा अनेक आहेत. पाचनईची वाट सोपी, तर बेलपाड्याहून येणारी नळीची वाट भल्याभल्यांचा घाम काढणारी. आम्ही मधली निवडली होती: खिरेश्वर गावातून तोलार खिंड आणि तिथून कातळावर लावलेले रेलिंग धरत वर. कातळ संपला म्हणजे गड आला असे वाटते, पण तसे नसते. पुढे एकामागून एक टेकड्या चढाव्या-उतराव्या लागतात, तेव्हा कुठे हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर दिसते.

सह्याद्रीची ही जुनी खोड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हे डोंगर घडले. कठीण थराचा कडा होतो आणि मऊ थर झिजून त्याची पायरी होते. म्हणून खालून पाहताना प्रत्येक कडा शेवटचाच भासतो. त्यावर पोहोचावे, तर मागे दुसरा उभा असतोच. नवख्या माणसाचे पाय थकण्याआधी मन थकते ते यामुळे.

आमच्यात असा एक नवखा मुलगा होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता आणि डोंगरावर प्रथमच येत होता. वडिलांनी घेऊन दिलेले नवे बूट पायात होते. तोलार खिंडीत पोहोचेपर्यंत त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. खिंडीत वाघाचे कोरीव शिल्प आहे, त्याच्या शेजारी तो मटकन बसला. आम्ही अर्धा तास थांबलो, पाणी दिले, पाय चोळून दिले. पुढची मुले सारखी घड्याळ पाहत होती. अंधार पडण्यापूर्वी मंदिराजवळच्या लेण्यांत पोहोचायचे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणकड्यावर जायचे होते. शेवटी तो मुलगाच म्हणाला, "फादर, तुम्ही व्हा पुढे. मी खाली गावात जाऊन थांबतो. वाट माहीत आहे मला."

आम्ही ते मान्य केले. खिरेश्वरात ज्या घरी सकाळी चहा घेतला होता, तिथे जाऊन थांबायला सांगितले आणि त्याला एकट्याला खाली पाठवले. 'आम्ही' असे लिहिले की दोष बावीस जणांत वाटला जातो. पण त्या गटाचा प्रमुख धर्मगुरू होता आणि शेवटचा शब्द त्याचाच होता, हे इथे नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणकड्याखालची दरी ढगांनी काठोकाठ भरली होती. सूर्य आमच्या पाठीशी वर आला आणि समोरच्या ढगावर आमच्या सावल्या पडल्या. त्याभोवती सात रंगांचे गोल वलय उमटले. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली छापलेल्या आपल्या लेखात याच परिसरातील अशा दृश्याचे वर्णन केले आहे. मुले आनंदाने ओरडू लागली. काही मिनिटांतच ढग हलले आणि ते वलय विरून गेले.

दुपारी खिरेश्वरात उतरलो तेव्हा खरी हकिकत कळली. तो मुलगा निघाल्यावर थोड्याच वेळात धुके उतरले होते. मुख्य वाट सोडून तो एका ढोरवाटेला लागला, ओढ्यात घसरला आणि त्याचा घोटा मुरगळला. मोबाइलला रेंज नव्हती. तो तीन-चार तास तिथेच हाका मारत बसला होता. अंधार पडता पडता आपली चुकलेली गाय शोधायला आलेल्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याची हाक ऐकली. त्यांनी त्याला आधार देत घरी आणले, पायाला हळद लावली आणि भाकरी खाऊ घातली. आम्ही पोहोचलो तेव्हा मुलगा पडवीत बसला होता. आम्हाला पाहताच त्याने विचारले, "फादर, इंद्रवज्र दिसले का?"

बाबा मात्र स्पष्ट बोलले. "गाय चुकली तर आम्ही रातीला बी जातो हुडकायला. तुम्ही पोरगं सोडून वर कसं काय गेलात?" आमच्याकडे उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकलो होतो आणि पुढे लोकांना शिकवलेही होते. वाटेत पडलेल्या माणसाला ओलांडून जो प्रथम निघून गेला तो याजक होता, हा दाखला आम्ही वेदीवरून कितीदा समजावून सांगितला असेल! त्या दिवशी पडवीत आम्हाला तो नव्याने समजला.

परतताना बसमध्ये मुलांमध्ये वाद झाला. तो इथे मांडण्यासारखा आहे, कारण दोन्ही बाजूंना काही तथ्य होते.

एक जण म्हणाला, "तो स्वतःच जातो म्हणाला. आपण त्याला जबरदस्ती केली नाही." हे खरे आहे, पण पुरेसे नाही. वीस-बावीस माणसे आपल्यामुळे खोळंबली आहेत आणि घड्याळ पाहत आहेत, हे ज्याला दिसते, त्याची संमती कितपत मोकळी असते? दुबळ्या माणसाचे "माझी काळजी करू नका" हे शब्द अनेकदा लाजेतून येतात. ते ऐकणाऱ्याला सोयीचे असतात म्हणून आपण ते चटकन खरे मानतो. घरातील वृद्ध आईही म्हणते, "तुम्ही जा लग्नाला, मी राहीन एकटी." अशा वेळी शब्द ऐकायचे की चेहरा पाहायचा, हे आपल्याला ठरवावे लागते.

दुसरी मुलगी म्हणाली, "एकासाठी बाकी सगळ्यांनी परत फिरायचे का? त्यांनीही महिनाभर तयारी केली होती." हा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकाच्या अशक्तपणामुळे सर्वांचे ध्येय बुडावे असे नीतिशास्त्र म्हणत नाही. पण इथे तसे करण्याची गरजही नव्हती. एका जाणत्या माणसाने त्याच्यासोबत खाली उतरणे पुरेसे होते. अडचण इतकीच होती की तो 'एक' होण्याची तयारी कोणाचीच नव्हती, आमचीही नव्हती. 'सर्वांचे हित' हे भारदस्त शब्द आपण पुष्कळदा स्वतःची जागा सोडावी लागू नये म्हणून वापरतो.

मग शिखराची ओढच वाईट म्हणायची का? मुळीच नाही. संत थॉमस अक्वायनस आशेविषयी लिहिताना सांगतात की जे चांगले आहे, अजून हाती आलेले नाही, मिळवायला अवघड आहे, पण मिळणे शक्य आहे, त्याकडेच आशा धाव घेते. डोंगराचा माथा नेमका असाच असतो. जो तरुण अवघड गोष्टीची इच्छाच धरत नाही, त्याचे आयुष्य आक्रसून जाते. म्हणून मुलांना डोंगरावर नेण्याचे आम्ही थांबवले नाही आणि पालकांनीही थांबवू नये.

परंतु दोन गोष्टींतील फरक ओळखला पाहिजे. शिखराला मोल आपण देतो. कोणी तिथे गेले नाही तरी त्या खडकाचे काही बिघडत नाही आणि गावातल्या गुराख्याला तर तिथे जाण्याचे कौतुकही नसते. आपण ते ध्येय ठरवले म्हणून ते ध्येय झाले आणि आपणच ते सोडूही शकतो. माणसाचे मोल मात्र आपण दिलेले नसते. ते आपल्या आधीपासून तिथे असते, म्हणून ते कमी-जास्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही. खिंडीत बसलेल्या मुलाच्या गरजेला आणि माथ्याच्या ओढीला आम्ही एकाच तागडीत घातले. आमची चूक तिथे झाली.

हाच प्रश्न जगातील सर्वांत उंच डोंगरावर अतिशय कठोर रूपात उभा राहिला होता. मे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर, सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवर, डेव्हिड शार्प हे इंग्रज गिर्यारोहक एका कपारीत मरणासन्न अवस्थेत बसले होते. त्या दिवशी सुमारे चाळीस जण त्यांच्या जवळून वर किंवा खाली गेले. काहींना ते दिसले नाहीत, काहींना ते आधीच मृत झाले आहेत असे वाटले, तर काहींनी थांबून थोडेफार प्रयत्न केले. शार्प वाचले नाहीत. सर एडमंड हिलरी यांनी तेव्हा उघडपणे नाराजी व्यक्त केली होती. दुसरीकडे, इतक्या उंचीवर चालू न शकणाऱ्या माणसाला खाली आणणे जवळजवळ अशक्य असते, असे अनेक अनुभवी गिर्यारोहकांचे म्हणणे होते.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याच धारेवर लिंकन हॉल हे ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक सापडले. ते मरण पावले असे समजून आदल्या संध्याकाळी त्यांना तिथे सोडण्यात आले होते. सकाळी डॅन मेझर आणि त्यांचे तीन साथीदार तिथे पोहोचले, तेव्हा हॉल जिवंत होते. माथा दोन-तीन तासांच्या अंतरावर होता आणि हवामानही चांगले होते. त्या चौघांनी माथा सोडला. ते हॉल यांच्यापाशी थांबले, त्यांना प्राणवायू आणि पाणी दिले आणि मदतीला शेर्पा येईपर्यंत त्यांना सांभाळले. हॉल वाचले आणि पुढे २०१२ पर्यंत जगले.

या दोन घटनांवरून आपण घरात बसून कोणाचा न्याय करू नये. जे अशक्य आहे त्याचे बंधन कोणावर नसते, हा नीतिशास्त्राचा जुना नियम आहे. पण 'हे अशक्य आहे' असे म्हणण्यापूर्वी थांबून खाली वाकून पाहणे तरी शक्य असते. मेझर आणि त्यांच्या साथीदारांनी प्रथम तेवढेच केले. तोलार खिंडीत तर काहीच अशक्य नव्हते. गाव तासा-दीड तासाच्या अंतरावर होते.

इंद्रवज्राविषयी एक गोष्ट आम्हाला नंतर वाचनातून कळली. ढगातील बारीक थेंबांवरून प्रकाश जवळजवळ आल्या दिशेनेच परत फिरतो. त्यामुळे ते वलय प्रत्येकाला आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसते. शेजारच्याला ते त्याच्या डोक्याभोवती दिसते. कड्यावर उभे असलेले आम्ही सारे जण त्या सकाळी आपापले तेजोवलय पाहत होतो आणि त्याच वेळी एक मुलगा परक्या घरी सुजलेला पाय घेऊन बसला होता. तो कुठे आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यानंतर आपल्या युवक गटाने काही नियम केले. जो सर्वांत हळू चालतो तो पुढून दुसरा असेल आणि बाकीचे त्याच्या चालीने चालतील. सर्वांत मागे एक जाणता राहील. प्रत्येक खिंडीत मोजणी होईल. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरेल आणि ती झाली की माथा समोर दिसत असला तरी फिरायचे. कोणाला खाली पाठवायचे झाल्यास त्याच्यासोबत दुसरा उतरेल आणि तो कोण, हेही आदल्या दिवशीच ठरलेले असेल. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कळसूबाईला गेलो, तेव्हा एका मुलीला उलट्या होऊ लागल्या. तिच्यासोबत खाली बारी गावात उतरण्याची पाळी आमची होती. महाराष्ट्रातील सर्वांत उंच, १६४६ मीटरचा तो माथा आम्ही त्या दिवशी गावातूनच पाहिला. मन थोडे खट्टू झाले, हे मान्य करतो. पण डोंगर कोट्यवधी वर्षे तिथे उभा आहे. तो पुढच्या वर्षीही असेल.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेक जण डोंगरावर जाणार नाहीत. परंतु मुलाची परीक्षा, घराचे बांधकाम, परदेशातील नोकरी, असा एखादा माथा प्रत्येक घरासमोर असतोच आणि त्या वाटेवर कोणी ना कोणी खिंडीत बसलेले असते. आज घरी गेल्यावर एकदा मोजणी करावी, एवढीच विनंती.

ज्या मुलाची ही गोष्ट आहे, तो आता नोकरीला लागला आहे. दरवर्षी तो आमच्याबरोबर येतो. सर्वांत मागे चालण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले आहे.