नाण्यावरील भाला

इ. स. ३४८ च्या सुमारास रोमन साम्राज्यात काशाचे एक नाणे निघाले. त्यावर एक शिपाई घोड्यासह कोसळलेल्या शत्रूच्या अंगात भाला खुपसत आहे. शत्रूने मागे वळून हात वर केला आहे. भोवतीच्या लॅटिन अक्षरांचा आशय मात्र 'सुखाचे दिवस परतले' असा!

ब्रूटसच्या इ. स. पू. ४२ च्या सुमाराच्या नाण्यावरही दोन खंजीर आहेत, खाली सीझरच्या वधाची तिथी आहे. पण दर्शनी बाजूस ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आणि नाव आहे. कृत्य निंद्य माना वा वंद्य, कर्ता लपलेला नाही. भाल्याच्या नाण्यावर सम्राटाचे मुख आहे खरे. परंतु भाला धरतो तो निनावी शिपाई, आणि मरतो तोही निनावीच. आम्हांस हे अधिक भयंकर वाटते.

मग असे नाणे देऊन भाकरी घेणारी बाई त्या हिंसेत भागीदार ठरते काय? तिला दुसरे नाणे मागण्याची सोय नव्हती. तिच्या माथी दोष मारणे अन्यायाचे होईल. तथापि संमती नसली तरी सवय जडतेच. रोज बोटांखालून जाणारा मृत्यू हळूहळू दिसेनासा होतो, आणि राज्यकर्त्यांना बहुधा तेवढेच पुरते.

उत्तर रोमन काळातील अशी हलकी नाणी तामिळनाडूत व श्रीलंकेतही सापडली आहेत. तेथे बाजारात लॅटिन वाचणारा कितीसा असणार? सुखाच्या दिवसांची ग्वाही समुद्रापलीकडेच राहिली. हाती आला तो भाला, आणि तो वर उचललेला हात.